दिनकररावांचा लिंब

परभणीत निसर्ग मंडळ काढावं असं सुचलं ते दिनकररावांना. नोकरी कोषागारात कारकुनाची, अंगानं काटकुळे आणि झाडांच्या बाबतीत भयंकर हट्टी. मंडळात आम्ही सातजण, त्यातले दोघे चहापुरते. फाल्गुन लागला की दिनकरराव आम्हाला एसटीत कोंबून जिंतूर रस्त्याला फुललेला पळस दाखवायला न्यायचे, पाखरांना पाणी म्हणून दारोदार मातीची परळं टांगायचे आणि होळीआधी गल्लीतल्या पोरांपुढं भाषण ठोकायचे, ओलं झाड तोडू नका म्हणून.

त्यांच्या दारासमोर मोकळ्या जागेत एक लिंब होता. बाकीच्या गल्ल्यांत होळीच्या मधोमध उभं करायला दर साली एखादं हिरवं झाड आडवं व्हायचं. या लिंबाला मात्र मंडळ निघाल्यापासून कुऱ्हाड लागली नव्हती. मंडळाच्या पदरी खरं तर एवढंच यश. दिनकरराव ते आल्यागेल्याला सांगत आणि आम्ही जांभया देत ऐकत असू.

शहाऐंशी साली माघात त्यांच्या पत्नी, चतुराबाई, गेल्या. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्यात सगळं आटोपलं. दिनकरराव रडले नाहीत. कचेरीत जात, पुढ्यात आलेलं जेवत, विचारलं तर उत्तर देत. पळस बघायलाही आले, पण खिडकीतून नुसते बघत राहिले. एकदाही बोट दाखवून काही सांगितलं नाही. मला तर त्यांची भीतीच वाटायला लागली. लिंबाचा विषय निघाला की तेवढी मान वर व्हायची.

"तेवढा राहिला म्हणजे झालं," एकदा म्हणाले.

होळीच्या तोंडावर त्यांनी पोरांना गोळा केलं, नेहमीचं भाषण केलं आणि घरातली मोडकी बाज बाहेर आणून ठेवली. पोरांचा म्होरक्या आश्रुबा, धान्याच्या मोंढ्यात हमाली करणारा गडी, दोन पावलं मागं सरला.

"काका, तुमच्या घरला यंदा सण न्हाई. दुखवट्याच्या घरचं लाकूड होळीला कसं घ्यावं?"

रीतच तशी. दिनकररावांनी मान हलवली आणि बाज परत आत नेली.

होळीच्या सकाळी मी गेलो तर लिंब आडवा पडलेला, नवी तांबूस पालवी धुळीत. माझं डोकं फिरलं. आश्रुबाला मी नको नको ते बोललो. दिनकरराव शेजारी उभे होते, चेहऱ्यावर काहीच नाही.

"भाषण तर काका दर साली करतेत," आश्रुबा ओशाळून म्हणाला. "त्याच्यावर कोण झाड सोडतंय? काकू सणाला पुरणपोळ्यांचं टोपलं भरून द्यायच्या आमाला. म्हणायच्या, लिंबाला हात लावू नका, ह्यांचा लय जीव हाय त्यात. आता काकूच न्हाईत. मग कुणाचा शब्द पाळायचा?"

"मला कधी बोलली नाही," दिनकरराव म्हणाले.

"शपथ घातली व्हती आमाला. म्हणल्या, आपलं भाषण ऐकून पोरांनी झाड सोडलं, आसंच वाटू द्या त्यांला."

दिनकरराव त्या आडव्या खोडावर बसले. बायकोच्या चितेपुढं कोरडा उभा राहिलेला तो माणूस सगळ्या गल्लीसमोर तिचं नाव घेत हमसून हमसून रडला.