सोफ्यावरचा जावई

कालासिनमध्ये पाहण्यासारखं काही नाही, असं कोणी म्हटलं की प्रेबेनला राग यायचा. का म्हणून नाही? डायनासोर आहेत ना! चौकाचौकांत उभे केलेत, सिमेंटचे, हिरवे-पिवळे, आ वासून. पण ते बघायला परदेशातून कोणी काळं कुत्रं फिरकत नसे, आणि खरं सांगायचं तर हेच प्रेबेनच्या पथ्यावर पडलं होतं. "पर्यटकांनी नासवलेली शहरं वेगळी. खरं थायलंड बघायचं तर इथे या," असं तो डेन्मार्कातल्या बहिणीला फोनवर सांगायचा. ती "हो का" म्हणायची आणि येत नसे. ती आली असती तर सगळ्यात जास्त पंचाईत याचीच झाली असती.

कारण डेन्मार्कात हा माणूस एका शाळेचा बॉयलर सांभाळायचा. बॉयलर तळघरात, म्हणून प्रेबेनही तळघरात. जन्मभर राबला, पण शाळेतल्या एका पोराला त्याचं नाव ठाऊक असेल तर शपथ. निवृत्त झाला, इकडे आला, सकाळच्या बाजारात वाटणं विकणाऱ्या सायरुंगशी लग्न केलं आणि बघता बघता 'प्रेबेन सर' झाला. सर कसा? तर गोरा आहे, म्हणजे मास्तरच असणार. इंग्रजी वक्तृत्व स्पर्धा असली की परीक्षक प्रेबेन सर. त्याचं स्वतःचं इंग्रजी खडे चावल्यासारखं होतं, पण ते कळायला गावात दुसरं इंग्रजी नको का? आणखी चार-दोन गोरे होते आसपासच्या खेड्यांत. ते आपापल्या बायकांच्या अंगणात बिअर पीत पडलेले असायचे, शहरात फिरकायचे नाहीत. मैदान मोकळं होतं.

आणि मैदानात सगळ्यात पुढे होता सोफा.

आमच्याकडे लग्न असो, शाळेचं उद्घाटन असो की मयत, मांडवात पुढे सोफे मांडतात आणि मागे प्लास्टिकच्या खुर्च्या. सोफ्यावर जिल्ह्याचे साहेब, पोलिसांचे साहेब, नगरसेवक, आणि गोरा हाताशी असेल तर गोरा. पुढ्यात बुटकं टेबल, त्यावर झाकणाचा ग्लास, आत बर्फाचं पाणी. मयतीत तर या सोफ्याला फारच महत्त्व. विहारात शवपेटी चितेच्या भट्टीत सरकवण्याआधी तिच्यावर चीवरं, म्हणजे भिक्खूंची भगवी वस्त्रं, ठेवायची असतात, ती भिक्खू उचलून नेतात. चीवर कोणी ठेवायचं ते माइकवरून पुकारतात, मानाप्रमाणे, एकेकाला. "आणि आता, डेन्मार्कचे प्रेबेन सर!" असं प्रासोंग मास्तरांनी पुकारलं की प्रेबेनच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. त्यासाठी त्यानं काळा सूट शिवून घेतला होता. ज्यांना जिवंतपणी कधी पाहिलंसुद्धा नाही अशा कितीतरी लोकांना त्यानं या सुटात शेवटचा निरोप दिला. मेलेल्याच्या घरच्यांनाही बरं वाटायचं. आपल्या म्हाताऱ्याला पोचवायला फरांग आला होता, असं ते वर्षभर सांगत फिरायचे.

एवढं असून रस्त्यात एखादं पोर "फरांग! फरांग!" करून ओरडलं, की हा बाबा स्कूटर थांबवून त्याला झापणार. "फरांग नाही म्हणायचं! फरांग म्हणजे परका. मी इथला आहे, कालासिनचा. कळलं?" पोर मान डोलवायचं आणि स्कूटर वळली की पुन्हा ओरडायचं.

घरी सासू होती, खामफोंग आजी. आता, आमच्याकडे जावई म्हणजे पाय धुऊन पाटावर बसवायची चीज नव्हे. तो बायकोच्या घरी येतो तो राबायला, पाणी ओढायला, भात कापायला. प्रेबेनला कोणी कधी काही सांगितलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही. शेजारणी खोदून विचारायच्या, "काय गं आजी, कसा आहे तुझा गोरा जावई?" आजी म्हणायची, "चांगलाय की. बसतो छान."

पण जीव होता तिचा त्याच्यावर. त्याला डेंग्यू झाला तेव्हा सायरुंग बाजार उरकून येईपर्यंत म्हातारी त्याच्या उशाशी बसून असायची. चिकट भाताचे गोळे करून त्याच्या तोंडात घालायची आणि तो थुंकला की शिव्या घालायची. प्रेबेनला स्वतःच्या आईनं असं भरवल्याचं आठवत नव्हतं. बरा झाल्यावर तो एकदा आजीच्या पायाशी बसून चांगला हुंदके देऊन रडला होता. म्हातारी म्हणाली, "उठ मेल्या, जमीन ओली झाली." हे खरं होतं, आणि यात सोफा कुठेच नव्हता.

मग आला तो स्वीडिश.

एस्किल त्याचं नाव. इथे सापडलेल्या डायनासोरच्या हाडांवर डॉक्टरेट करणारा, तिशीच्या आतला, दारात वाकून शिरावं लागेल एवढा उंच. थाय भाषा येत होती ती 'नमस्कार' आणि 'तिखट नको' एवढीच. डेन्मार्क आणि स्वीडन सख्खे शेजारी, त्यामुळे वैरही सख्खं. आल्या आल्या कोणी त्याला शाळेच्या कार्यक्रमाला नेलं, कोणी लग्नाला. प्रेबेन दर वेळी सोफ्यावर सरकून त्याला जागा द्यायचा आणि घरी येऊन आदळआपट करायचा. "तीन महिने नाही झाले त्याला! साधं पपईचं सॅलड खाता येत नाही त्या माणसाला!"

"मग जातं काय तुझं?" सायरुंग मिरच्या निवडत म्हणायची. "पपई आपली, सॅलड आपलं. तू खा की दोन घास जास्त."

अशात खामफोंग आजी गेली. वय झालं होतं, झोपेत गेली, कोणाला त्रास दिला नाही. अंगणात मांडव पडला, गावभरची माणसं यायला लागली. प्रेबेन रडला, डोळे पुसले आणि काळा सूट इस्त्रीला टाकला.

सूट घालून तो मांडवात आला, तर सायरुंगचा थोरला भाऊ थोंगदाम त्याला दंडाला धरून थेट मागच्या अंगणात घेऊन गेला. तिथे चुली पेटल्या होत्या, बायका भाज्या चिरत होत्या. थोंगदामनं त्याच्यापुढे एक लाकडी ओंडका ठेवला, ओंडक्यावर मांस ठेवलं आणि त्याच्या दोन हातांत दोन सुरे दिले.

"घ्या जावईबापू. खिमा करायचाय. कोट काढा तो, शिंतोडे उडतील."

"मी? इथे?"

"मग कुठे? घरचं मयत आहे. आलेल्यांनी पुढे बसायचं, घरच्यांनी मागे राबायचं."

शेजारच्या ओंडक्यावर धाकटा जावई सुतिन उघडाबंब बसून खिमा हाणत होता. हा सुतिन उसाचा ट्रक चालवायचा आणि सहसा शुद्धीत नसायचा, पण आज होता. भाज्या चिरणाऱ्या बायका फिदीफिदी हसायला लागल्या. "अगं बघा गं, सर खिमा करतायत! घेतलं बाई एकदाचं आजीनं घरात यांना! पण मरावं लागलं हो तिला त्यासाठी!"

अशी थट्टा वाट्याला यावी म्हणून माणसं हयात घालवतात. प्रेबेनला त्यात फक्त हसणं ऐकू आलं. आणि त्याच वेळी त्याला चुलीच्या धुरातून पुढचा मांडव दिसला. मधल्या सोफ्यावर, पाय कुठे ठेवावेत ते न कळून, एस्किल बसला होता. पुढ्यात झाकणाचा ग्लास होता.

प्रेबेननं सुरे ठेवले आणि सायरुंगला गाठलं. ती आईच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावत होती.

"तो स्वीडिश सोफ्यावर बसलाय."

"मग? पाहुणा आहे तो. पाहुण्याला कुठे बसवतात, पायरीवर?"

"आणि मी मागे खिमा कुटायचा? अठरा वर्षं काढली मी या गावात!"

"म्हणूनच कुटायचा!" सायरुंग गर्रकन वळली. "अठरा वर्षं माझं डोकं खाल्लंस, मी इथला, मी इथला. आज कुठे इथला झालास तर तुला सोफा पाहिजे? अरे, तू कोण आहेस, ते तरी ठरव एकदा!"

मग तीच जरा नरमली. तिचे डोळे रडून सुजले होते. "हे बघ, खिमा नको करू, नाही जमत तर. सुतिन करेल. पण परवा आईला वर नेतील ना, तेव्हा माझ्या शेजारी उभा राहा. बाकी काही मागत नाही मी तुझ्याकडे."

"राहीन," प्रेबेन म्हणाला, आणि मनापासून म्हणाला.

पण मनं होती दोन. दुसऱ्या दिवशी सकाळी तो प्रासोंग मास्तरांच्या घरी हजर. हे मास्तर निवृत्त शिक्षक. गावातल्या प्रत्येक मयतीचा माइक त्यांच्याच हातात. नाही म्हणायचं त्यांना उभ्या जन्मात जमलं नव्हतं, पण आज तेही चपापले.

"सर, पण तुम्ही तर घरचे. घरच्या माणसाला कोणी सोफ्यावर बसवतं का? लोक काय म्हणतील?"

"स्वीडन बसलाय ना? मग डेन्मार्क नको? हा देशाचा प्रश्न आहे, मास्तर."

मास्तरांना देशाबद्दल काही म्हणायचं नव्हतं. "बरं बरं," ते म्हणाले, "घालतो तुमचं नाव पाहुण्यांत." प्रेबेन खुशीत घरी आला. त्याचा हिशोब सरळ होता. आधी सोफ्यावर बसायचं, चीवर ठेवायचं, आणि मग उठून बायकोशेजारी जाऊन उभं राहायचं. दोन्ही डगरींवर हात ठेवायला असं जातं काय?

अंत्यविधीच्या दुपारी विहारात मरणाचं ऊन होतं. घरची माणसं चितेच्या चौथऱ्याच्या उंच पायऱ्यांपाशी गोळा झाली होती. सायरुंगनं दोनदा मागे वळून बघितलं. प्रेबेन साहेबांच्या आणि एस्किलच्या मधोमध सोफ्यात रुतून बसला होता. त्यानं हात केला, येतोच, अशा अर्थाचा. तिनं तोंड फिरवलं.

मास्तरांनी पुकारायला सुरुवात केली. आधी साहेब. मग, "आपले सन्माननीय परदेशी पाहुणे, डेन्मार्क देशाहून आलेले प्रेबेन सर!" प्रेबेन उठला, कोट खाली ओढला, पायऱ्या चढला, पेटीवर चीवर ठेवलं, वाकून नमस्कार केला. एस्किलचं नाव त्याच्यानंतर आलं. प्रेबेनला वाटलं, आज आजी असती तर तिलाही बरं वाटलं असतं. या माणसाला काय काय वाटायचं! तो पुन्हा सोफ्यावर येऊन टेकला, कारण उरलेल्या पाहुण्यांचं व्हायचं होतं.

पाहुण्यांचं झालं आणि वर पेटीचं झाकण उघडलं. थोंगदामनं शहाळी फोडली. शहाळ्याच्या पाण्यानं गेलेल्याचा चेहरा धुवायचा असतो, तो घरच्यांनीच. त्यानंतर तो चेहरा पुन्हा दिसत नाही.

"आता फक्त घरची माणसं," मास्तरांनी माइकवर सांगितलं. "मुलं. सुना. जावई. पाहुण्यांनी कृपया जागेवर बसून घ्यावं."

प्रेबेन उठायला गेला. सोफा खोल, गुडघे म्हातारे, पुढ्यात टेबल, एका बाजूला साहेब आणि दुसऱ्या बाजूला एस्किलचे ते मैलभर पाय. तो अर्धा उठला आणि तिथेच अडकला. वर थोंगदामनं पाणी घातलं. सायरुंगनं घातलं, आणि ती वाकून आईच्या कानाशी काहीतरी बोलली. धाकट्या बहिणीनं घातलं.

"थोरल्या जावयांनी पुढे यावं," मास्तर म्हणाले. "थोरले जावई? कुठे आहेत थोरले जावई?"

सगळा विहार सोफ्याकडे बघायला लागला. सायरुंगही बघत होती. ती मास्तरांच्या शेजारीच उभी होती, त्यामुळे तिचं बोलणं माइकनं शेवटच्या प्लास्टिकच्या खुर्चीपर्यंत पोचवलं.

"थोरले जावई नाहीत, मास्तर. ते पाहुणे आहेत. बसू द्या त्यांना." आणि मग, "सुतिन, ये रे बाबा. दोघांचंही तूच घाल."

सुतिननं हात शर्टाला पुसले आणि दोनदा पाणी घातलं. दुसऱ्यांदा घालताना तो ढसाढसा रडला. मास्तरांनी तिथूनच प्रेबेनला दोन्ही तळहातांनी अदबीनं खूण केली, बसा सर, बसा. प्रेबेन बसला. झाकण लागलं, पेटी भट्टीत सरकवली, घरची माणसं एकमेकांना धरून उभी राहिली.

एस्किल त्याच्याकडे झुकला आणि हळूच स्वीडिशमध्ये बोलला. डेन्मार्कच्या माणसाला ती भाषा कळत नाही असं म्हणायची सोय नसते.

"फार मोठं कुटुंब दिसतंय. तुमच्या ओळखीच्या होत्या का या बाई?"

"माझी सासू," प्रेबेन म्हणाला.

एस्किलनं पायऱ्यांकडे बघितलं. रडणाऱ्या सुतिनकडे बघितलं, सायरुंगकडे बघितलं, आणि मग पुन्हा शेजारी सोफ्यावर बसलेल्या या काळ्या सुटातल्या म्हाताऱ्याकडे.

"मग तुम्ही इथे काय करताय?"

त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. पोरगा खरंच विचारत होता, आणि उत्तराची वाट बघत बसला.