एकशे सदतिसावं पान

माणसाला होणारं असं एकही दुखणं नाही की ज्यावर पुस्तक नाही, आणि ते पुस्तक कधीही कादंबरी नसतं, अशी पक्की खात्री असलेला एकच माणूस मला आयुष्यात भेटला. तो आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहत होता. सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये उभं आयुष्य काढून निवृत्त झालेले हे गृहस्थ सगळ्या सोसायटीचे काका होते. काका कुणाला सल्ला देत नसत, कुणाची चौकशी करत नसत, लिफ्ट बंद पडली तर सेक्रेटरीच्या नावानं खडेही फोडत नसत. काका पुस्तक सुचवत. नुसतं सुचवून थांबले असते तर आम्ही सगळे सुखात राहिलो असतो. पण ते घरी आणून देत.

आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात आमच्या बाथरूमचा स्लॅब गळायला लागला. ओळखीचा प्लंबर विचारायला मी खाली काकांकडे गेलो. "थांबा," म्हणाले आणि आत गेले. टूलरूमचा माणूस, हत्यारांची पेटी आणायला गेला असेल अशी माझी भाबडी समजूत. काका बाहेर आले ते जुन्या इमारतींतल्या पाण्याच्या निचऱ्यावरची तीनशे पानं घेऊन. "आधी कारण समजून घ्या, मग माणूस बोलवा," म्हणाले. कारण समजून घेण्याच्या आतच पाणी हॉलपर्यंत आलं. पुस्तक तेवढं कोरडं राहिलं, कारण काका प्रत्येक पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर घालत आणि त्यावर दुधाच्या पिशवीसारखं जाड प्लास्टिक चढवत.

पुढे मला त्यांची पद्धत कळली. कुणाचं लग्न ठरलं की काका कुलूपकिल्ल्यांच्या इतिहासाचं पुस्तक देत. कुणाच्या पोरीला दहावीत कमी मार्क पडले तर मधमाशापालन. सेक्रेटरीची बायको माहेरी निघून गेली तेव्हा त्यांनी त्याला चुली आणि शेगड्या कशा बदलत गेल्या ते वाचायला दिलं, आणि त्यात त्यांचा टोमण्याचा हेतू नव्हता हे सेक्रेटरीला आजतागायत पटलेलं नाही. आमच्या भागातल्या वाचनालयात वाचकांनी पुस्तकं सुचवायची एक वही असते. तिच्यात इतर वाचकांना जागाच उरेना, तेव्हा तिथल्या बाईंनी काकांसाठी दुसरी वही घातली. त्या वहीत विहिरींची बांधणी होती, जुनी वजनमापं होती, कांदा टिकवायच्या चाळी होत्या, गावठी बियाणं होतं, दातांच्या रोगांचा इतिहास होता. पेठ तालुक्यातला आमचा वॉचमन पार्किंगमध्ये साप निघाला म्हणून काठी शोधत होता, तर काकांनी त्याच्या हातात सापांवरचं सचित्र पुस्तक ठेवलं. तो शांतपणे म्हणाला, "काका, सापाला मी वळखतो. पुस्तकाला नाय वळखत." त्या दिवशी साप स्वतःहूनच निघून गेला. काकांनी मात्र नंतर महिनाभर रोज संध्याकाळी गेटवर खुर्ची टाकून ते पुस्तक त्याला वाचून दाखवलं, आणि तो मधूनमधून काकांच्या चुका सुधारत असे.

माझे वडील गेले तेव्हा लोक भेटायला आले, हात हातात घेऊन बसले, 'वय झालं होतं' म्हणाले. काका आले ते द्राक्षवेलीच्या कलमांवरचं पुस्तक घेऊन. मला मनातून संताप आला. तेरावं झालेलं नाही आणि हा माणूस कलमं काय देतो. पुढे कितीतरी दिवसांनी लक्षात आलं की वडील आमच्याकडे राहायला यायचे तेव्हा खाली बाकावर बसून आपल्या गेलेल्या द्राक्षबागेबद्दल तासन्‌तास बोलायचे, आणि ते सगळं ऐकणारा सोसायटीत एकच माणूस होता. मी तर ते कधी पुरतं ऐकूनसुद्धा घेतलं नव्हतं. पण पुस्तक तेव्हाही मी उघडलं नाही.

आता इथे कबूल करून टाकतो. काकांनी मला बारा वर्षांत चाळीसेक पुस्तकं दिली असतील. मी त्यातलं एकही वाचलेलं नाही. पंधरा दिवस पुस्तक फ्रिजवर ठेवायचं आणि मग खाली नेऊन द्यायचं, असा माझा शिरस्ता. काकांनी त्याची सोयही करून ठेवली होती. वाचणारा जिथे कंटाळेल असा त्यांचा अंदाज असे, त्या पानात ते एक चिठ्ठी घालत. 'इथे जरा रेंगाळेल. चार पानं सोसा, पुढे बरं आहे.' हे मला इतरांकडून कळल्यावर मी पुस्तक परत करताना गंभीर चेहरा करून म्हणायचो, "मधे जरा रेंगाळतं, पण पुढे बरं आहे." काका खूश होत. वाचलं म्हणणाऱ्याला उलटा प्रश्न विचारायचा नाही, असा त्यांचा नियम होता. "वाचलं म्हणतोय म्हणजे वाचलंय," म्हणत. कारखान्यात मायक्रोमीटरच्या मापावरही विश्वास नसलेला हा माणूस, तोंडच्या शब्दावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवायचा.

काकी चांदवडकडच्या. त्यांना वाचनाचं वावडं होतं आणि काकांच्या जाड पुस्तकांचा त्या पापडाच्या लाट्या दाबायला उपयोग करत. त्यांनीच एकदा माझ्या बायकोला सांगितलं होतं की लग्नाआधी बघण्याचा कार्यक्रम झाला, सगळ्यांनी सगळ्यांना पसंत केलं, आणि चार दिवसांनी मुलानं मुलीच्या भावाबरोबर स्टोव्हच्या दुरुस्तीवरचं एक पुस्तक पाठवलं. आत मधल्या एका पानावर चिठ्ठी होती. तुम्हाला कुणी विचारलं नाही म्हणून मी विचारतो, मी पसंत असेन तर चिठ्ठी काढून घ्या, नसेन तर तशीच राहू द्या आणि पुस्तक परत पाठवा. काकी सांगत होत्या, "मला वाचायचा लय कंटाळा. पण तेवढं एक वाचलं बाई, चिठ्ठी येस्तोवर." आणि मग म्हणाल्या, "यांना तोंडानं काही मागता येत नाय. चहासुद्धा." ती चिठ्ठी त्यांनी शेवटपर्यंत देवघरातल्या कुंकवाच्या डब्याखाली ठेवली होती. बायकोनं ही गोष्ट घरी येऊन सांगितली तेव्हा मी पोट धरून हसलो होतो.

काकी तीन वर्षांपूर्वी गेल्या. आजार लांबला. त्या काळात काकांनी त्या आजारावरचं जे मिळेल ते वाचून काढलं, डॉक्टरांना औषधांची नावं आधी तेच सांगत. त्या गेल्यावर काकांनी ती सगळी पुस्तकं वाचनालयाला देऊन टाकली. मी एकदा सहज विचारलं, तर म्हणाले, "त्या विषयावरचं मी आता कुणाला सुचवत नाही." त्यांच्या तोंडून अमुक विषयावरचं पुस्तक नको, असं मी तेवढंच एकदा ऐकलं.

मग गेल्या हिवाळ्यात काका बाथरूममध्ये पाय घसरून पडले. हाड मोडलं नाही. पण सकाळी पडले ते कामवाली दुपारी येईपर्यंत तिथेच फरशीवर होते, आणि आम्ही त्यांच्या बरोबर डोक्यावर, वरच्या मजल्यावर, टीव्ही बघत होतो. हैदराबादहून मुलगी आली. फ्लॅट विकायचा आणि तुम्ही आमच्याकडे यायचं, असं तिनं ठरवूनच टाकलं. काकांना जायचं नव्हतं. इथं वाचनालय होतं, वही होती, गेटवर वॉचमन होता. शेवटी मुलगी एका अटीवर फ्लॅट न विकायला तयार झाली. हे काकांनी मला जिन्यात सांगितलं. म्हणाले, "ती म्हणते, एक नाव सांगा. ज्याच्याकडे घराची किल्ली राहील आणि मी रोज फोन केला तरी ज्याला त्रास वाटणार नाही असं एक माणूस. होळीपर्यंत मुदत दिलीय."

मी काय म्हणालो ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. मी म्हणालो, "काका, एवढ्या नाशिकमध्ये नावांना काय तोटा?" आणि वर गेलो. यात दुष्टपणा नव्हता. मला ऑफिसला उशीर होत होता, आणि एक नाव म्हणजे कुणीतरी नातेवाईक असणार असं मी धरून चाललो. आपल्याकडे कुणी काही मागतंय हे ओळखायला माणसाला थोडं थांबावं लागतं, आणि मी थांबलो नाही.

त्यानंतर आठवड्यानं काका जिना चढून वर आले. एरवी ते मला खाली बोलावून पुस्तक देत. हे पुस्तक घाटरस्त्यांवरचं होतं, पूर्वी डोंगर फोडून रस्ते कसे काढले त्याचं. मला म्हणाले, "हे जरा लवकर वाचा." मी हो म्हणालो आणि फ्रिजवर ठेवलं. पंधरा दिवसांनी खाली गेलो, गंभीर चेहरा केला आणि म्हणालो, "मधे जरा रेंगाळतं, पण पुढे बरं आहे." काकांनी पुस्तक हातात घेतलं. त्यांनी बोटानं कडेकडेनं पानं चाळली, एका ठिकाणी थांबले, पुस्तक मिटलं. "बरं," म्हणाले. इतकंच म्हणाले. त्या दिवशी त्यांनी मला दुसरं पुस्तक दिलं नाही, आणि मला हायसं वाटलं.

होळी झाली आणि काका गेले. जाताना त्यांनी पुस्तकं वाटून टाकली. सापांचं वॉचमनला मिळालं, कुलपांचं सेक्रेटरीला. मला घाटरस्त्यांचं दिलं. "तुमचं वाचून झालंय, पण असू द्या," म्हणाले. रिक्षात बसल्यावर त्यांनी सगळ्यांना हात केला, मलाही केला, इतरांना केला तितकाच. तळमजल्यावर आता एक जोडपं राहायला आलं आहे. दारात चपलांचा स्टँड आहे, आणि काकांची खुर्ची जिथे असायची तिथे स्कूटर लावतात.

श्रावणातल्या एका रविवारी दिवसभर लाइट नव्हती. मोबाइल बंद पडला, वर्तमानपत्र दोनदा वाचून झालं, आणि निव्वळ करायला काही नाही म्हणून मी फ्रिजवरचं पुस्तक काढलं. खरंच रेंगाळत होतं. सगळे चढाचे आकडे आणि सुरुंगांची वर्णनं. दुपारच्या सुमारास मी एकशे सदतिसाव्या पानावर आलो आणि तिथे चिठ्ठी होती. टूलरूममधल्या ड्रॉइंगवर घालतात तसल्या सरळ, एका उंचीच्या अक्षरांत काकांनी लिहिलं होतं, 'तोंडावर विचारलं तर तुम्हाला नाही म्हणणं अवघड जाईल, म्हणून लिहितो. मुलीला तुमचं नाव सांगितलं तर चालेल का? किल्ली तेवढी ठेवायची. बाकी काही त्रास देणार नाही. चालणार असेल तर चिठ्ठी काढून घ्या. नसेल तर इथेच राहू द्या, मी समजेन. राग नाही.'

मी चिठ्ठी बायकोला दिली. तिनं वाचली आणि माझ्याकडे न बघता आत निघून गेली. संध्याकाळी लाइट आल्यावर मोबाइल चार्ज केला आणि हैदराबादला फोन लावला. मुलीनं उचलला. पप्पा बरे आहेत, हल्ली थकलेत, पुस्तक हातात धरतात पण दोन पानांत डोळा लागतो, असं सांगून तिनं फोन त्यांना दिला.

मी म्हणालो, "काका, चिठ्ठी मी आज काढून घेतली."

तेव्हा अडचण होती, घरात आजारपण होतं, असं काहीतरी जुळवून सांगणं मला जमलं असतं. बारा वर्षांचा सराव होता. पण जमवावंसं वाटलं नाही. मी सांगून टाकलं की मी ते पुस्तक तेव्हा उघडलंच नव्हतं. तुमचं एकही पुस्तक कधी उघडलं नाही, दरवेळी खोटं बोललो. आता फोन ठेवतात, असं मला वाटलं.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "तुम्ही नाही म्हणाला नव्हतात."

"नाही, काका. मी हो म्हणालो असतो."

"मग ठीक आहे," काका म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की मला फोन धरवेना. "मी आपला समजत होतो, माणूस ओळखायला चुकलो. आता पुढचं वाचा. चढ तिथंच संपतो."

ठीक काहीच नव्हतं. फ्लॅट गेला, किल्ली दुसऱ्याकडे गेली, आणि हे सगळं मी फ्रिजवर ठेवलेल्या एका पुस्तकापायी झालं. पण ते पुस्तक मी पूर्ण वाचलं. मग वाचनालयात जाऊन बाईंकडून काकांची वही मागून घेतली आणि त्यातलं पहिल्या पानापासून वाचायला लागलो आहे. विहिरी झाल्या, वजनमापं चालू आहेत. गेल्या आठवड्यात मी जुन्या हत्यारांच्या इतिहासाचं एक पुस्तक विकत आणलं, त्याला खाकी कव्हर घातलं, वर प्लास्टिक चढवलं आणि आत चिठ्ठी लिहून ठेवली. दिवाळीला आमच्याकडे राहायला याल का, न्यायला मी येईन, यायचं असेल तर चिठ्ठी काढून घ्या आणि पुस्तक परत पाठवा. चिठ्ठी आधी एकशे सदतिसाव्या पानावर ठेवली होती. पार्सल चिकटवायच्या आधी ती काढली आणि अगदी सुरुवातीला, दोन नंबरच्या पानावर ठेवली.