मागचं दार आणि तपकिरी फुलपाखरू

नाशिक रोडच्या आमच्या रो-हाउसच्या मागच्या अंगणात ते पहिल्यांदा दिसलं, तेव्हा मी ते केरात भरणारच होते. चिकूखालचा पाचोळा सुपलीत घेताना त्यातलं एक पान उडालं, भिंतीपाशी बसलं आणि पुन्हा पान झालं. पंख मिटले की अगदी वाळकं पान. उडताना मात्र वरच्या पंखाच्या कोपऱ्यात काळा डाग, त्यात दोन पांढरे ठिपके आणि कडेला नारिंगी झाक दिसायची. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, तरी त्याला पतंग समजले. नंतर मिशांच्या टोकांना बारीक गाठ दिसली आणि खात्री पटली. दिवसभर हे जागचं हलायचं नाही, दिवेलागणीला उडायचं.

'शिकवायचे' म्हणते, कारण सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं आणि मी बिनपगारी रजा घेऊन घरी बसले, त्याला दोन वर्षं होत आली होती. त्यांना दुसऱ्या कुणाचा हात चालत नसे. सांभाळायला ठेवलेल्या दोन बाया त्यांनी महिन्याभरात पळवून लावल्या. मार्चमध्ये मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला, जूनपासून येताय की राजीनामा देताय, ते महिनाअखेर कळवा. नवरा म्हणाला, "तुला जमेल तसं बघ." म्हणजे त्याला काही बघायचं नव्हतं. मला शाळा हवी होती, आणि हे मी घरात एकदाही मोठ्यानं बोलले नव्हते.

बोलण्याऐवजी मी फुलपाखराच्या नादी लागले. आधी झेंडू लावला, झिनिया लावला. ढुंकूनही बघितलं नाही पठ्ठ्यानं. मग एकदा ते सडक्या चिकूवर सोंड रोवून बसलेलं दिसलं आणि मी कपाळावर हात मारला. त्याच आठवड्यात दिंडोरीहून भावानं द्राक्षांचं क्रेट आणलं. घडातून सुटलेले, फुटके मणी मी गुळाबरोबर तीन दिवस बरणीत आंबवले आणि पसरट झाकणात घालून चिकूखाली ठेवले. पाचोळा झाडणं बंद केलं. ते अंडी गवतावर घालतं, म्हणून कोपऱ्यातलं गवतही वाढू दिलं. सासूबाई आतून ओरडल्या, "घरात दारू गाळतेस की काय गं?"

फुलपाखरं आली. एक, मग तीन. पण यायची ती नेमकी दिवेलागणीला, आणि त्या वेळी आमच्याकडे पुढचं दार उघडं आणि मागचं बंद. लक्ष्मी पुढून येते, मागचं दार उघडं दिसलं की निघून जाते, हा सासूबाईंचा नेम. पलंगावरून त्यांना कडीचा आवाज बरोबर ऐकू यायचा. "मागचं लावलंस का?" रोजचा प्रश्न. द्राक्षं मी आंबवायची, पाहुणे माझे, आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या जाळीला नाक लावून उभी. शेहेचाळिसाव्या वर्षी स्वतःच्या अंगणात जायची चोरी! जीव नुसता कोंडायचा.

महिना संपायला दोन दिवस उरले होते. त्या संध्याकाळी मी वैतागून झाकण पुढच्या पायरीवर नेऊन ठेवलं. एक फुलपाखरू आलं, पोटभर प्यालं आणि दिव्याच्या ओढीनं सरळ घरात शिरलं. सासूबाईंच्या खोलीत ट्यूबलाइटवर आपटलं, भिंतीवर आपटलं आणि त्यांच्या चादरीवर पडलं. आता आरडाओरडा होणार, म्हणून मी धावले. त्या त्याच्याकडे टक लावून बघत होत्या.

"दमलंय गं ते. मागचं दार उघड, जाऊ दे त्याला अंगणात."

"आत्ता? आणि लक्ष्मी?"

"तिला राहायचं असेल तर राहील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका किड्यासाठी अर्ध्या मिनिटात दार उघडायला तयार, आणि मी इथे दोन वर्षं सडतेय! मी त्याला ओंजळीत घेतलं, कडी काढली आणि अंगणात आले. ओंजळ उघडताच ते भुर्रकन चिकूत शिरलं.

"गेलं का?" आतून आवाज आला.

"नाही अजून," मी धडधडीत खोटं बोलले. गाऊनच्या खिशात फोन होता. तिथेच उभ्यानं मुख्याध्यापिकाबाईंना लावला आणि सांगितलं, "बाई, जूनपासून येते मी."

धीर आहे तोवर आत जाऊन सासूबाईंनाही सांगून टाकलं. शाळेत जाणार, दिवसभरासाठी बाई ठेवणार, आणि या वेळी तिला पळवून लावायचं नाही. आता तोफ सुटणार म्हणून मी सगळी उत्तरं जुळवून उभी होते. त्या चादरीची सुरकुती सारखी करू लागल्या.

"ती माझ्यावर ओरडणार नाही ना गं?" त्या हळूच म्हणाल्या. "त्या दोघी तू बाजारात गेलीस की ओरडायच्या. ओलं झालं तर चिमटेही काढायच्या."

त्या बायांना का घालवलं, हे मी त्यांना दोन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.