बंद गिझरचं बिल

दसऱ्यानंतर ह्यांच्या कंपनीतला ओव्हरटाइम बंद झाला आणि दिवाळीच्या आधी रात्रपाळीही. हे, म्हणजे माझे यजमान, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. ऑर्डरी कमी झाल्या होत्या. नोकरी गेली नव्हती, पण पगारातला जो वरचा भाग आम्ही इतकी वर्षं पगारच समजत होतो, तो गेला. घराचा हप्ता, मुलीचा बारावीचा क्लास, सासूबाईंची औषधं हे सगळं त्या वरच्या भागावरच उभं होतं, हे तेव्हा ध्यानात आलं. मी एका खासगी शाळेत शिकवते. माझ्या पगाराबद्दल घरात कुणी फारसं बोलत नाही, कारण बोलण्यासारखं त्यात काही नाही.

पहिला महिना आम्ही काटकसर अगदी हौसेनं केली. ह्यांनी मोटारसायकल लावून ठेवली आणि कंपनीच्या बसनं जायला लागले. टीव्हीचं पॅकेज बंद केलं. इस्त्रीवाल्याकडचे कपडे बंद केले. धान्य कोपऱ्यावरच्या दुकानातून किलो-किलोनं आणायच्या ऐवजी लक्ष्मीपुरीच्या घाऊक बाजारातून एकदम भरलं. भाजीला मी शाळेतून येताना मंडई उठायच्या वेळेला जायला लागले. तेव्हा पालेभाजीवाल्या बायका उरलेल्या पेंढ्या पडेल त्या भावात देतात. डाळ भिजवून मग कुकरला लावायची, भाकऱ्या एकाच वेळी सगळ्यांच्या करायच्या, म्हणजे गॅस पुरतो. सिलिंडर खरंच पुढं गेला. मुलगी म्हणाली, "मम्मी, आपण पिकनिकला आल्यासारखं राहतोय." आम्ही हसलो होतो तेव्हा.

मग लाईट बिल आलं. ते कमी व्हायच्या ऐवजी वाढलं होतं. पुढच्या महिन्याचं तर नेहमीच्या जवळजवळ दुप्पट. ह्यांनी ते उभ्यानंच वाचलं, उलटं करून पाठीमागचं वाचलं, पुन्हा पुढचं वाचलं आणि जेवायच्या ताटाशेजारी ठेवलं.

संशय गिझरवर आला, आणि गिझर म्हणजे अव्वा. सासूबाईंना आम्ही सगळेच अव्वा म्हणतो. त्यांचं माहेर कुरुंदवाडचं, बोलण्यात मधून मधून कानडी. पहाटे उठून आंघोळ केल्याशिवाय आणि लिंगपूजा झाल्याशिवाय त्या पाण्याचा घोट घेत नाहीत. पूजेची भांडीही त्या बाथरूममधल्या नळावरच घासतात, अनवाणी, दगडावर उकिडव्या बसून. आम्ही बाकीचे तिथं स्लिपर घालून जातो. त्यांना ते चालत नाही.

ह्यांनी फर्मान काढलं. गिझर पूर्ण बंद. गॅसवर एक पातेलं पाणी तापवायचं, त्यात सगळ्यांनी भागवायचं. अव्वा गार पाण्यानंच आंघोळ करायला लागल्या. मी अडवलं तर म्हणाल्या, "आमच्या गावात नदीवर जायचो आमी. मरतंय व्हय कोण गार पाण्यानं?"

त्याच सुमारास त्यांच्या हाताला झिणझिण्या यायला लागल्या. भांडी घासताना हात झटकायच्या, पदरानं पुसायच्या. "नळाला हात लावला की मुंग्या आल्यागत हुतंय," म्हणायच्या. त्यांना साखर आहे. डॉक्टर म्हणाले, साखरेनं नसांवर परिणाम होतो, आणि गोळ्या लिहून दिल्या. औषधांच्या दुकानातून परत येताना हे माझ्यावरच चिडले, जणू त्या गोळ्या मीच लिहिल्या होत्या.

गिझर बंद होऊन महिना झाला. बिल आलं. तेवढंच.

त्या संध्याकाळचं सगळं मला स्पष्ट आठवतं. अव्वा भुईवर बसून पावटे सोलत होत्या. हे बिल हातात घेऊन त्यांच्यासमोर स्टुलावर बसले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"अव्वा, खरं सांग. पहाटे बटण दाबतीस का न्हाय?"

"न्हाय."

"आमी झोपल्यालो असतोय. आमाला काय कळतंय? थंडी वाजती म्हणून दाबलं असशील. मी रागावणार न्हाय. पण खरं काय ते सांग."

अव्वांनी हातातली शेंग खाली ठेवली. "मी लिंग बांधल्यालं हाय गळ्यात," त्या म्हणाल्या. "पाच रुपयाच्या करंटासाठी खोटं बोलू व्हय रं?"

"पाच रुपयं न्हाईत ते," हे म्हणाले.

मी मध्ये पडले. म्हटलं, मीटरच बिघडला असेल. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून वीज कंपनीच्या ऑफिसात गेले. खिडकीतल्या माणसानं ऐकून घेतलं आणि मीटर तपासायला फी भरावी लागेल, मीटर बरोबर निघाला तर फी परत मिळणार नाही, असं शांतपणे सांगितलं. ती फी भरायची की नाही, यावर घरात आणखी एक भांडण झालं. शेवटी भरली नाही.

पुढच्या दिवशी मी शाळेतून आले तर अव्वा लुगडं बदलून, पूजेचं गाठोडं मांडीवर घेऊन दारातच बसल्या होत्या. धाकट्या बहिणीकडे कुरुंदवाडला चाललेय म्हणाल्या. मी रिक्षा करते म्हटलं, तर नको. चालतच निघाल्या. मी त्यांच्यामागून पिशवी घेऊन केएमटीच्या बसस्टॉपवर गेले, तिथून एसटी स्टँडवर. गाडी लागेपर्यंत त्या गाठोडं मांडीवर धरून बसल्या. खिडकीत बसल्यावर म्हणाल्या, "माझ्या आंघुळीनं तुमचं बिल वाढतंय, तर मी हितं आंघूळच करत न्हाय. झालं?"

ह्यांना संध्याकाळी सांगितलं. त्यांनी बूट काढले, नीट जागेवर ठेवले आणि म्हणाले, "कळंल आता."

काय कळेल ते मला समजलं होतं. हे रोज सकाळी जिन्याखालच्या मीटरचा आकडा बघायला लागले. मीही त्यांच्या पाठीमागे चोरून बघायचे. आकडा पूर्वीसारखाच पळत होता. अव्वा घरात नव्हत्या, गिझर बंद होता, तरी आकडा पळत होता. अव्वांना फोन लावा म्हटलं, तर हे म्हणायचे, लावतो उद्या.

शेवटी एका संध्याकाळी अव्वांचाच फोन आला. मी कणीक मळत होते, फोन स्पीकरवर टाकला. मुलगी क्लासवरून नुकतीच आली होती. केस धुवायचे म्हणत टॉवेल घेऊन बाथरूममध्ये गेली. अव्वा बहिणीच्या घरचं सांगत होत्या. मी विचारलं, हात कसा आहे, गोळ्या घेताय ना.

"गोळ्या संपल्या कवाच," त्या म्हणाल्या. "हितं हाताला काय बी होत न्हाय बघ. भांडी घासते, धुणं धुते, काय न्हाय. तितं त्या नळाला हात लावला की सुरू व्हायचं."

"कुठल्या नळाला?"

"बाथरूमातल्या की. दुसऱ्या कुठल्या?"

मी कणकेच्या हातानं तशीच उभी राहिले. त्यांनी हे आधीही सांगितलं होतं, याच शब्दांत. नळाला हात लावला की. आम्ही फक्त हात ऐकला होता.

आतून बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला. मी मुलीला हाक मारली नाही. हाक ऐकून ती नळ बंद करायला जाईल, ओल्या हातानं, हे डोक्यात कसं आलं देव जाणे. पळत जिन्याखाली गेले आणि मेन स्विच खाली ओढला. घर एकदम काळं झालं, फ्रिजची घरघर थांबली, आणि बाथरूममधून मुलगी ओरडली, "मम्मी, लाईट गेली! डोळ्यात शाम्पू गेलाय!"

"असू दे," मी म्हटलं. "आता धू डोळे. आणि बाहेर ये."

ती बाहेर आली. पायात स्लिपर होत्या. मी तिचे दोन्ही हात धरून उलटेसुलटे करून बघितले. ती म्हणाली, "काय झालंय तुला?" फोन ओट्यावर तसाच चालू होता आणि त्यातून अव्वा विचारत होत्या, काय झालं गं पोरी, कोण ओरडलं.

हे आले तेव्हा आम्ही दोघी मेणबत्ती लावून बाहेरच्या पायरीवर बसलो होतो. मी सांगितलं. त्यांनी घरातलं एकेक बटण बंद केलं, फ्रिजची पिन काढली, मुलीचा चार्जरसुद्धा काढला. मला आणि मुलीला पायरीवरून हलू नका म्हणाले आणि मेन स्विच वर केला. घरात काहीच चालू नव्हतं. मीटरवरचा वीज मोजणारा तांबडा दिवा मात्र लुकलुकत होता, सावकाश, एकसारखा. हे त्या दिव्याकडे बघत राहिले. मग मेन पुन्हा खाली ओढला आणि जिन्याच्या भिंतीला पाठ टेकून खाली बसले.

सकाळी गल्लीतला वायरमन आला. गिझरचं बटण बंद ठेवून त्यानं नळाला टेस्टर लावला, तर टेस्टर पेटला. गिझरची कॉइल आतून फुटली होती. अर्थिंगची वायर कुजून तुटली होती. बटणही उलट्या, म्हणजे न्यूट्रलच्या वायरीवर जोडलेलं, त्यामुळं बटण बंद केलं तरी गिझरात करंट राहायचाच. तो पाण्यातून, पाइपातून, ओल्या भिंतीतून रात्रंदिवस जमिनीत जात होता, आणि त्याचं बिल आम्ही भरत होतो.

"करंट गळला की पडणारा ट्रिप स्विच न्हाय व्हय तुमच्यात?" त्यानं विचारलं. "असता तर पैल्याच दिवशी पडला असता."

"घर बांधताना बजेटात बसत न्हवता," हे म्हणाले. "मीच नको म्हटलं."

वायरमननं मान हलवली आणि कामाला लागला. गिझर काढून टाकला. ट्रिप स्विच बसवला, अर्थिंग नवीन केलं. त्यासाठी ह्यांनी मोटारसायकल विकली. मी म्हटलं, थोडं थांबूया, एवढी घाई नको. ते म्हणाले, "न्हाय. हे आधी."

रविवारी आम्ही दोघं एसटीनं कुरुंदवाडला गेलो. मावशींच्या सोप्यात अव्वा शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांना फोनवर सगळं कळलं होतं. हे त्यांच्यासमोर भुईवर बसले आणि शेंगा फोडायला लागले. मावशींनी चहा आणून ठेवला, तो गार झाला.

"अव्वा," हे म्हणाले, "तू बटण दाबत न्हवतीस."

"हे तुला वायरमननं सांगितलं," अव्वा म्हणाल्या. "मी सांगितलं तवा न्हाय पटलं."

"व्हय."

"हात झिणझिणतोय म्हटलं, तर तुमाला माझी साखर आठवली. म्हातारं माणूस म्हणजे सारखं कायतरी दुखतंयच, न्हाय का?"

ह्यांनी मान खाली घातली. मीही. त्या गोळ्या आणायला मीही गेले होते.

"चल घरला," हे म्हणाले.

"येते. मावशीच्या सांडग्याचं काम हाय, ते उरकलं की येते. तू बोलावलंस म्हणून न्हाय."

त्या आल्या तेव्हा मुलीची बारावीची परीक्षा सुरू व्हायच्या बेतात होती. उंबऱ्यातून आत आल्या त्या सरळ बाथरूमच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. गाठोडं खाली ठेवलं नाही. नवा नळ होता, तरी त्यांचा पाय पुढं पडेना. मी म्हटलं, अव्वा, आता काही होत नाही, तपासलंय. त्या नळाकडे बघत राहिल्या. त्यांचा हात गाठोड्यावर घट्ट होता. इतके दिवस तो नळ त्यांच्या हातावर काय करत होता ते फक्त त्यांनाच माहीत होतं.

हे कंपनीच्या कपड्यांतच होते. त्यांनी मोजे काढले, पँट वर दुमडली, अनवाणी आत गेले आणि दगडावर उकिडवे बसले, अव्वा बसतात तसे. उजव्या हातानं नळ सोडला आणि तो तसाच मुठीत धरून ठेवला. पाणी त्यांच्या पायांवरून वाहत होतं. मी दाराची चौकट धरून उभी होते. टेस्टर लावून बघितलेलं, ट्रिप स्विच चालतोय हे माहीत असलेलं, तरी.

"बस्स कर," अव्वा थोड्या वेळानं म्हणाल्या. "पाणी जातंय फुकट."

मग गाठोडं माझ्या हातात देऊन त्या आत गेल्या.

ओव्हरटाइम अजून सुरू झालेला नाही. मुलीचा पुढचा प्रवेश आहे, त्याची काळजी आहे, आणि हे कंपनीच्या बसनंच जातात. पण पुढचं लाईट बिल आलं तेव्हा ते निम्म्यावर आलं होतं. ह्यांनी ते नेहमीसारखं उभ्यानं वाचलं नाही. अव्वांच्या शेजारी बसून आकडा त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला.

अव्वा वाती वळत होत्या.

"तरी जास्तच हाय की," त्या म्हणाल्या. "पोरगी पंखा लावून बाहेर जाती, तिला सांग जरा."