घटसर्पाचं विष

नाशिकमधल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी जंतू तपासते. पेशंट माझ्यापर्यंत येतात ते बहुतेक काडीच्या टोकाला लागलेल्या कापसावर, प्रत्यक्ष क्वचितच. मला तेच बरं वाटतं. माणसांशी बोलायला गेले की माझा वर्ग सुरू होतो.

पेठकडच्या एका पाड्यावरून घटसर्प झालेला लहान मुलगा आला होता. घशात राखाडी पडदा, मान सुजलेली. त्याच्या थोरल्या बहिणीचा घसा नुसता खवखवत होता. दोघांच्या घशात तोच जंतू निघाला, विषाचं जनुक असलेला. मुलाला प्रतिविष दिलं, पडदा विरला, तो पेज मागायला लागला. पण विष त्याआधीच हृदयापर्यंत पोचलं होतं. एका सकाळी तो गेला.

मुलीचा रिपोर्ट न्यायला त्याची आई आली आणि दारातच थांबली. दोघं एका ताटात जेवायची, मग त्याचंच असं का झालं, एवढंच तिला विचारायचं होतं. आणि मी मेली शिकवायला बसले. या जंतूला लोह कमी पडलं की तो ते जनुक चालू करतो आणि विष सोडतो, असं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे पोराच्या अंगात रगत कमी होतं म्हणून," ती म्हणाली. "मीच खायला कमी घातलं."

मी घाईनं उठले. तिला खुर्चीवर बसवलं. धडधाकट माणसाचं शरीरही आपलं लोह जंतूपासून दडवून ठेवतं, भरल्या घरातल्या मुलाच्या घशातही यानं विष सोडलंच असतं, हे पुन्हा पुन्हा सांगितलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"तुमच्या जेवणामुळे काही झालेलं नाही, बाई."

"मग पोरगी कशी वाचली?"

मुलगी सुट्टी सोडून आश्रमशाळेत राहायची, तिथं तिला या विषाला अडवणारी लस मिळाली होती. मुलाला एकही डोस मिळाला नव्हता. हे सांगायला जीभ रेटेना, पण गप्प बसणंही खोटंच ठरलं असतं, म्हणून सांगितलं. मग कुणावर तरी राग काढायला हवा होता. पाड्यावर सुई द्यायला नर्स येतच नव्हती का, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

"यायची ना," ती म्हणाली. "तवा आम्ही हितंच असायचो, तुमच्याकडं, द्राक्षं तोडायला."