श्रावणात वाढलेलं वजन

माझ्या वडिलांना जिना चढायचा मोठा कंटाळा. आमच्या भवानीपूरच्या घराचे दोन मजले चढताना ते मध्येच थांबून शेजाऱ्यांची चौकशी करत, आणि ही चौकशी म्हणजे दम खाणं आहे हे सगळ्या बिऱ्हाडांना ठाऊक होतं. पण दोराची शिडी दिसली की माणूस पार बदलायचा. बाबा खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्सचे अधिकारी होते. नदीत आलेल्या जहाजाकडे बोटीनं जायचं, त्याच्या अंगाला लोंबणारी दोराची शिडी धरून वर चढायचं आणि जहाजाची झडती घ्यायची, हे त्यांचं काम. वर कुठल्या देशाचा कप्तान भेटला, त्यानं कुठली चीजवस्तू कुठे दडवली होती, हे जेवताना सांगायला लागले की आमटी निवून जायची.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. त्या उन्हाळ्यात बाबा चढत असताना शिडीची एक फळी कडकन मोडली. खालच्या खलाशांनी धरलं म्हणून थोडक्यात निभावलं. मग ऑफिसच्या बंगाली डॉक्टरांनी त्यांना काट्यावर उभं केलं. एकशे सत्याऐंशी पौंड! दिवाळीनंतर पुन्हा तपासणी होईल, वजन एकशे बहात्तरच्या आत आलं तर ठीक, नाहीतर जहाज बंद, टेबलाशी बसून कागद तपासा. बाबा घरी आले आणि ताटावर तसेच बसून राहिले. "मला टेबलाशी बांधणार गं," ते आईला म्हणाले. एवढ्या मोठ्या माणसाचा आवाज असा झालेला मी कधी ऐकला नव्हता, आणि मला रडू आलं.

डॉक्टरांचं म्हणणं सोपं होतं. कॅलरी बघून खा, बाहेर खाताना जिभेला आवर घाला आणि आठवड्यातून एक दिवस पोटाला विश्रांती द्या. "म्हणजे उपास," आई म्हणाली. "एवढंच ना? ते सांगायला डॉक्टर कशाला हवा?" तिनं तिथल्या तिथे बाबांचे सोमवार धरले. उपासाला काय खाणार, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, साबुदाणा. डॉक्टर खूश झाले. बंगाल्यांच्या घरी साबुदाणा म्हणजे आजाऱ्याची पातळ पेज. आमच्याकडे त्याचं काय होतं, हे त्या भल्या माणसाला कोण सांगणार?

कॅलरी मोजायचं काम माझ्याकडे आलं. मी पंधरा वर्षांची होते आणि जगातलं सगळं मला कळत होतं. शाळेत हायजिनचं इंग्रजी पुस्तक होतं, त्यात कॅलरींचा तक्ता. पाव, लोणी, अंडी, मटण, पुडिंग. मी एक वही केली. बाबांनी काय खाल्लं ते त्यात लिहायचं, समोर आकडा मांडायचा. पुडिंग आमच्या सात पिढ्यांत कुणी खाल्लं नव्हतं, पण मटण होतं, आणि खरी अडचण तिथेच होती.

आमच्या घरी एक अलिखित कायदा होता : बाहेरचं बाहेर. आई अंड्यालाही शिवायची नाही. बाबा दर शनिवारी अर्ध्या दिवसाचं ऑफिस करून एस्प्लनेडच्या एका गल्लीत कबाब खायला जात, घरी येऊन कपडे बदलत, चूळ भरत आणि जेवायचं नाही म्हणत. आई "का?" असं चुकूनही विचारत नसे. त्या विषयावर आमच्या घरात बोलणंच नव्हतं. आता शनिवारी मलाही पाठवायचं ठरलं. "ते ऑफिसातून येताना तू त्यांच्याबरोबर ये," एवढंच आई म्हणाली, भाजी निवडता निवडता. कुठून, ते नाही.

काय सांगू, काय दुकान होतं ते! दारातच लांबलचक लोखंडी शेगडी, तिच्यात लालभडक कोळसे, आणि त्यावर शिगा फिरवत, ताडपत्राच्या पंख्यानं वारा घालत उभे असलेले पांढऱ्या दाढीचे कबाबवाले. सगळे त्यांना चाचा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. आतमध्ये बायकामाणसांसाठी पडदा लावलेल्या केबिनी होत्या. मी वही उघडून बसले आणि बाबांची आवडती एकेक वस्तू खोडत गेले. डालड्यात पोहणारा पराठा? नाही. तुपाचा तवंग आलेला मटणाचा रस्सा, रेझाला? अजिबात नाही. बिर्याणी, फिरनी, सरबत? बाबा, लाज वाटत नाही विचारायला? राहिले शिगेवरचे कबाब, सोबत अर्धी तंदुरी रोटी, कांदा, लिंबू आणि पुदिना. पण चाचा शेवटी कबाबावर तुपाचा बोळा फिरवत, तेही मी बंद करायला सांगितलं. चाचांचा पंखाच थांबला.

"बाबूजी, बगैर घी का कबाब तो यतीम होता है," ते म्हणाले. यतीम म्हणजे पोरका.

"यतीमच द्या," बाबा म्हणाले, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांची सावत्र आई आहे.

पण पहिला घास घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. मांस भाजल्याचा वास, लिंबाची चव, तोंड कुठे तेलकट नाही. पुढच्या शनिवारपासून आम्ही दिसलो की चाचा मोठ्यानं ओरडायचे, "दो यतीम!" आणि सगळं दुकान आमच्याकडे वळून बघायचं. रविवारी सकाळी आम्ही ट्रामनं हावड्याला जायचो. स्टेशनात वजनाचं यंत्र होतं. नाणं टाकलं की तिकीट बाहेर येई, एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. एकशे पंच्याऐंशी, त्र्याऐंशी, एक्याऐंशी. बाबा तिकीट खिशात घालून फलाटावरच शीळ घालायचे.

"सोमवार पावले," आई म्हणाली. मीही तेच म्हणाले.

मग श्रावण लागला. आईनं चंगच बांधला. सोमवार होतेच, त्यात शनिवार घातले, एकादश्या घातल्या, संकष्टी घातली. "श्रावणात बाहेरचं नको," ती बाबांच्या चपलांकडे बघत म्हणाली. बाबांनाही ते पटलं. महिनाभर यतीम बंद. वहीत मी उपासाच्या दिवसासमोर मोठ्या अक्षरात लिहायची, उपास, आणि पुढे शून्य. उपास म्हणजे उपास! त्याच्या कॅलरी मोजायच्या असतात, हे माझ्या स्वप्नातसुद्धा आलं नाही. इंग्रजी तक्त्यात साबुदाणा नव्हताच.

श्रावण संपला, लगोलग गणपती आले, मोदक झाले, गणपती गंगेत पोचवले, आणि आम्ही हावड्याला गेलो. यंत्र खडखडलं. एकशे अठ्ठ्याऐंशी.  बाबांनी दुसरं नाणं टाकलं. यंत्र कशाला ऐकतंय! तिकिटाच्या मागे भविष्य होतं : आपला शत्रू आपल्या जवळच आहे. बाबांनी ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि हसायचा प्रयत्न केला. परत येताना ट्राममध्ये त्यांनी नदीतल्या एकाही जहाजाचं नाव वाचलं नाही.

पुढच्या शनिवारी आम्ही कबाबांकडे गेलो ते अगदी सुतकी तोंडानं. चाचांनी विचारलं, इतके दिवस कुठे होता? बाबांनी सगळं सांगितलं. महिनाभर कबाब नाही, वर इतके उपास, तरी हे असं.

"बेटी, उपवास में बाबूजी खाते क्या हैं?" चाचांनी मला विचारलं.

मी ऐटीत सांगू लागले. काही नाही हो चाचा. सकाळी साबुदाण्याची खिचडी, तुपात परतलेली, वर दाण्याचं कूट. दुपारी रताळ्याच्या गोड फोडी, तूप-गुळाच्या. बटाट्याची भाजी. वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. मध्येच भूक लागली तर दाण्याचा लाडू. दूध-केळं. आणि सोमवारचा उपास संध्याकाळी सोडायचा, तेव्हा गोडाचं जेवण.

बोलता बोलता माझा आवाज बारीक होत गेला. चाचांनी पंखा खाली ठेवला, शिगा बाजूला सारल्या आणि कमरेवर हात देऊन असे हसायला लागले की डोळ्यांतून पाणी आलं. "या अल्लाह! बेटी, इतना तो हम लोग शादी में नहीं खाते!"

एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण मला पाळण्यात असल्यापासून पाठ होती. पण ती दुसऱ्यांसाठी असते ना! बिचारे कबाब महिनाभर बदनाम झाले होते, चोर सोडून संन्याशाला फाशी. मला हसूही येईना आणि रडूही येईना. बाबा मात्र एकदम गंभीर झाले. "हे घरी बोलायचं नाही," ते म्हणाले. "माझ्यासाठी तिनं स्वतः इतके उपास केलेत. तिच्यामुळे वजन वाढलं हे तिला कळता कामा नये. टेबल तर टेबल. समजलं?"

समजलं होतं, पण पटलं नव्हतं. मी हट्टी आहे, तेव्हाही होते. दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी दुपारी आई खलबत्त्यात दाणे कुटत बसली होती, पुढच्या एकादशीसाठी. मी तिच्यासमोर बसले, वही उघडली आणि घरचा कायदा मोडून शनिवारचं सगळं सांगून टाकलं. शेगडी, यतीम, चाचांचं हसणं, आणि एकशे अठ्ठ्याऐंशी.

आईचा बत्ता वरच्या वर थांबला. "म्हणजे माझ्यामुळे?" ती म्हणाली. "अगं, दिवसभर उपाशी राहणार, शिड्या चढणार, भोवळबिवळ आली म्हणजे? म्हणून मी आपलं जरा सढळ हातानं..." तिनं पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, मेले, बाबांचं ऐकायला हवं होतं. मग तिनं वही ओढून घेतली आणि श्रावणाची पानं उलटली. शून्य, शून्य, शून्य. "हे कोणी लिहिलं?"

"मी."

"आणि शाळेत म्हणे पहिली येतेस!" असं म्हणून ती हसायला लागली. खलबत्त्याला धरून हसली. हसू ओसरल्यावर डोळे पुसत म्हणाली, "शनिवारी मी येते तिथे. इतकी वर्षं त्यांच्या कपड्यांना कोळशाचा वास येतो, मला कळत नाही होय? बघू दे तरी काय करतात ते."

शनिवारी माझी आई, नऊवारी नेसून, फिरकीच्या तांब्यात घरचं पाणी घेऊन, ट्रामनं एस्प्लनेडला उतरली. गल्लीच्या तोंडाशी तिला बघून बाबा दोन पावलं मागेच सरले. चाचांनी मात्र कपाळाला हात लावून आदाब केला आणि केबिनीचा पडदा बाजूला धरला. आई आत जाईल तर ना! ती शेगडीपाशीच उभी राहिली. बोळा तुपात बुडतो का, रोटी किती मोठी, सगळं बघितलं. "दो यतीम," चाचा सवयीनं म्हणाले. मी अर्थ सांगितला.

"पोरके कशानं?" आई म्हणाली. "आम्ही आहोत की."

हे मी चाचांना हिंदीत सांगितलं.  मग "बहनजी, ठहरिए," म्हणून समोरच्या लोहाराकडून कोरी करकरीत शीग घेऊन आले. ती धुतली, कोळशात लाल करून घेतली, भाजीवाल्याकडून दोन रताळी मागवली आणि शेगडीच्या वेगळ्या कोपऱ्यात भाजली. ना तूप, ना गूळ. आईनं "अग्नीला कसला आलाय विटाळ," असं स्वतःलाच सांगितलं आणि केबिनीत बसून, सालं सोलून, मीठ-लिंबू लावून रताळं खाल्लं. पडद्याच्या आत आम्ही तिघं, बाबांपुढे कबाब, आईपुढे रताळं. बाबा एकदा ताटलीकडे बघत, एकदा तिच्याकडे. मला त्या दिवशी इतका आनंद झाला की वही उघडायचीच विसरले.

मग घरचा उपासही बदलला. भाजकं रताळं, ताक, संपलं. बाबांची कुरकुर झाली, पण आई ढिम्म. दिवाळीत त्यांना एक करंजी मिळाली, तीही अर्धी करून दोन दिवसांत. तपासणीच्या दिवशी ऑफिसच्या काट्यावर आकडा आला एकशे एकाहत्तर. दुसऱ्याच दिवशी बाबा शिडीवर चढले आणि संध्याकाळी आमच्या जिन्यात कुणाचीही चौकशी न करता थेट वर आले. जिन्यातल्या एका मावशीबाई वाईट वाटून विचारायला आल्या की साहेब रागावलेत का?

उपास फळाला आले म्हणजे उद्यापन करायचं, कुणाला तरी जेवू घालायचं. कोणाला बोलवायचं, याची आईला चिंताच पडली नाही. चार पुडांचा डबा काढला आणि हात न आखडता भरला. तुपातली खिचडी, रताळ्याच्या गोड फोडी, बटाट्याची भाजी, लाडू. "चाचांना दे," मला म्हणाली. "म्हणावं, आमच्यात उपास म्हणजे काय ते एकदा खाऊन बघा."

चाचांनी शेगडीजवळ उभ्याउभ्याच डबा उघडला आणि पार पुसून खाल्ला. लाडूचा शेवटचा कण दाढीतून काढून तोंडात टाकला. म्हणाले, "बेटी, अम्मा से कहना, ऐसा रोज़ा तो मैं साल भर रख लूँ."

मी घरी येऊन, सगळे जेवत असताना, मोठ्यानं हे सांगितलं. बाबांना ठसका लागला. आईला हसता हसता भिंतीला टेकावं लागलं. मग तिनं बाबांच्या ताटात अर्धी पोळी वाढली आणि मला म्हणाली, "त्यांना विचार, आता रमजान कधी लागतो? संध्याकाळी रोजा सोडायला काहीतरी करून पाठवते. तूप बेतानं घालीन म्हणावं."