मस्कतचं लायसन्स आणि बाबांची स्कूटर

बाबांची स्कूटर मी विकली. महिन्याभराच्या सुट्टीत, परतीच्या विमानाला चार दिवस उरले असताना, त्यांच्यासमोर बसून आणि त्यांच्याच सह्या घेऊन. मला तसं करायला कोणी सांगितलं नव्हतं. आई तर दोनदा म्हणाली होती, "राहू दे ना व, काहून घाई करून राहिली?" पण माझं तोंड एकदा सुटलं की मला दुसऱ्याचं ऐकू येत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

मी कॉलेजात होते तेव्हा बाबांकडे गिअरची स्कूटर होती, मध्य प्रदेशच्या नंबरची, कारण तेव्हा आमचं रायपूर मध्य प्रदेशातच होतं. ती शिकवा म्हणून मी वर्षभर त्यांच्या मागे लागले होते. बाबा रेल्वेत होते, आणि रेल्वेतल्या माणसाला नियम सांगायला फार आवडतात. "पडली-गिडली त लग्न कोण करन तुह्याशी?" हा त्यांचा नियम. शेवटी मी नादच सोडला. लग्न झालं, नवऱ्याच्या नोकरीमागे मस्कतला गेले, आणि पस्तिशीत गाडी शिकले ती तिथे, परक्या देशात, रस्त्याच्या उलट्या बाजूने.

तिथली परीक्षा म्हणजे बारावीच. रिकामे ड्रम उभे करून केलेल्या अरुंद जागेत गाडी मागे घ्यायची, एकाही ड्रमला धक्का न लावता. मग चढावर थांबून पुढे काढायची, मग रस्ता. ड्रममध्ये मी दोनदा नापास झाले आणि रस्त्यावर तीनदा. पण ते सगळं परवडलं. खटकलं ते अर्जासोबतचं पत्र. मी नवऱ्याच्या व्हिसावर राहत होते, म्हणून माझ्या शिकण्याला आपली हरकत नाही असं त्याने लिहून द्यायचं होतं. त्याने चहा पिता पिता सही केली. मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. गाडी माझ्या हातापायांनी चालणार आणि सही याची! बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, पण राग कुणावर तरी काढावाच लागतो.

लायसन्स मिळालं, मग एक जुनी गाडी घेतली. तिचं कार्ड दरवर्षी नवं करायचं, विमा काढायचा, आणि हे सगळं व्हिसा आहे तोवर. तरीही ती गाडी होती माझी. लेन सोडायची नाही, वेग वाढला की कॅमेऱ्याचा फ्लॅश पडतो, चौकात आधी गोलातल्याला जाऊ द्यायचं, हे सगळं अंगात भिनलं. बाबांना फोनवर हे ऐकायला फार आवडायचं. शंकर नगरातल्या आमच्या गल्लीत त्यांनी ते सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. एकदा आईने फोन हातात घेऊन विचारलं, "तिथं माह्या वयाच्या बाया बी शिकतात का?" मी म्हटलं, हो, साठीची एक बाई माझ्यासोबतच पास झाली. "भेव नाही लागत?" "लागतं, पहिले आठ दिवस." आई म्हणाली, "असंच विचारलं," आणि तिने फोन परत बाबांना दिला. मी ते विसरून गेले.

त्या वर्षी मे महिन्यात मी रायपूरला आले. राज्य नवं होऊन दहा-बारा वर्षं झाली होती आणि शहराने बाळसं धरलं होतं. जिथे तिथे मोठ्या गाड्या, साहेबांचे ताफे, सायरन. मावसभावाची कार मागून घेतली आणि मोठ्या ऐटीत निघाले. पहिल्याच वळणावर इंडिकेटर द्यायला गेले तर वायपर सुरू झाले. मस्कतच्या गाडीत दांड्या उलट्या बाजूला. भर उन्हात कोरड्या काचेवर वायपर घासत मी पंडरीच्या कापडबाजारापर्यंत गेले. समोरून उलट्या दिशेने ऑटो, मध्ये गाय, मागे हॉर्न. अर्ध्या तासात घामाघूम होऊन परत आले आणि जाहीर केलं की या शहरात गाडी चालवणं म्हणजे आत्महत्या आहे.

त्याच संध्याकाळी अंगणात बाबांची स्कूटर दिसली. पांढरी, बिनगिअरची, नव्या राज्याच्या नंबरची. तो सी. जी.चा नंबर आला तेव्हा बाबांनी गल्लीत पेढे वाटले होते. तिचा डावा इंडिकेटर फुटलेला होता आणि डाव्या बाजूचा रंग पार खरवडून गेला होता.

"हे काय?" मी विचारलं.

आई काही बोलायला गेली, तेवढ्यात बाबा म्हणाले, "मी पडलो. गिट्टी होती रस्त्यावर. काही लागलं-गिगलं नाही."

झालं. पुढचे पंधरा दिवस मी नाकाने कांदे सोलले. वय काय तुमचं, डोळे तपासले का, मस्कतमध्ये असं नसतं, तसं नसतं. बाबा एकदा हसून म्हणाले, "उंटांच्या देशात राहून पोट्टी उंटावरून शेळ्या हाकून राहिली." मला ते लागलं. मग मी जास्तच हट्टाला पेटले.

गिऱ्हाईकही मीच आणलं. पंडरीतल्या कापडाच्या दुकानात काम करणारा एक माणूस होता. "दीदी, पेपर सब क्लियर है ना?" त्याने विचारलं. सगळं क्लिअर होतं. बाबांचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, विम्यासकट. विक्रीचे फॉर्म मी भरले, सहीच्या जागी फुलीच्या खुणा केल्या आणि पेन बाबांच्या हातात दिला. "इथं करू?" असं प्रत्येक खुणेपाशी विचारत त्यांनी सह्या केल्या. मग किल्ल्यांच्या जुडग्यातून स्कूटरची किल्ली काढायला त्यांना बराच वेळ लागला. नखं छोटी होती आणि कडी घट्ट. मी घाई करत होते, म्हणून शेवटी मीच ती ओढून काढली.

त्या माणसाने स्कूटर सुरू केली तेव्हा आई अंगणात थांबली नाही, आत निघून गेली. ती बाबांवर रागावली असेल असं मला वाटलं.

मस्कतला परत आल्यावर मैत्रिणींना मी हे अभिमानाने सांगितलं. म्हातारपणी वेळीच किल्ली काढून घ्यावी लागते, असं मी बोलायचे, आणि त्या माना डोलवायच्या. बाबा फोनवर तक्रार करत नव्हते. गोल बाजारात जायचे ते जाईनासे झाले, तात्यापाऱ्यातल्या मित्राकडे गुरुवारी बसायचे तेही बंद झालं. "ऑटोवाल्याची वाट कोण पाहीन?" एवढंच म्हणायचे. आईचं पंडरीला ब्लाउजपीस आणायला जाणं थांबलं. मी म्हणायचे, घरी मागवा ना. मला सगळ्यावर उत्तर होतं.

दोन वर्षांनी पुन्हा आले. या वेळी मावसभावाची कार नीट चालवली. एका रविवारी सकाळी आईबाबांना घेऊन नवा रायपूर पाहायला निघाले. राजधानीसाठी वसवलेलं ते नवं शहर, सहा-सहा पदरी रस्ते आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. मंत्रालयाची इमारत लांब दिसत होती. सिग्नल लागायचे-सुटायचे, पण थांबायला कोणी नसायचं. मला मस्कतची आठवण झाली. मी म्हटलंही, "असे रस्ते असते तर मी कधीच तक्रार केली नसती."

आई माझ्या शेजारी बसली होती. एका मोठ्या गोलाकार चौकापाशी ती म्हणाली, "थांब जरा." मी गाडी बाजूला घेतली. तिने काचेतून बोट दाखवलं.

"इथंच पडली होती मी."

मला कळलंच नाही. "तू?"

"हव. गिट्टी होती. वळवता वळवता घसरली." तिने कोपर पुढे केलं. तिथे पांढरट वण होता. तो ओट्याचा कोपरा लागल्याचा आहे, असं तिने मला त्या मे महिन्यात सांगितलं होतं आणि मी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं.

मागच्या सीटवरून बाबा बोलले. दर रविवारी सकाळी सहाला ते तिला इथे आणायचे. शहरात शिकवलं असतं तर लोक हसले असते, इथे हसायला कोणी नव्हतं. ती चालवायची आणि ते मागे बसायचे, दोन्ही पाय खाली लोंबकळत ठेवून. तीन महिन्यांत ती वळण घ्यायला लागली होती.

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगणारच होतो व," आई म्हणाली. "पुढच्या बारीले तुले घ्याले एअरपोर्टवर मीच येणार होती. याच रस्त्यावर त आहे. सामान ऑटोत, अन् तू माह्या मागं."

"पण पडल्याचं तरी..."

"तू इतकी बोलून राहिली होती," बाबा म्हणाले, "म्हटलं आपल्यावरच घ्या. तुह्या आईनं पाडली म्हटलं असतं, त तू तिले जन्मभर बोलली असती." मग म्हणाले, "तुले नाही शिकवली ना मी. म्हटलं, हिले तरी शिकवाव."

मला माझी फार लाज वाटली. नवऱ्याच्या एका सहीसाठी दोन दिवस रुसलेली मी. आईची गाडी काढून घेताना मी तिची सहीसुद्धा घेतली नव्हती.

"उद्याच नवी घेऊ," मी म्हटलं. "तुला आवडेल त्या रंगाची."

"नाही व आता." आई शांतपणे म्हणाली. "तेव्हा हिंमत आली होती. आता गुडघे बी नाही ऐकत." तिने माझ्या हातावर हात ठेवला. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी खूप आग्रह केला. बाबांनीही केला. ती नाहीच म्हणत राहिली. मग मी गाडी सुरू केली आणि चौकाला वळसा घालून घराकडे वळवली. वळताना माझं लक्ष रस्त्याकडे नव्हतं. शेजारी, आईच्या मांडीवर तिचा डावा अंगठा हळूच सरकला, स्कूटरच्या हँडलवर इंडिकेटरचं बटण असतं तसा.

"इंडिकेटर नाही दिला तू," आई म्हणाली.

पुढे-मागे कोणी नव्हतं. तरी मी दिला, पण तोवर वळण मागे गेलं होतं.